रिकाम्या नळीतलं कडं

निवेसने नव्या फिल्मची चकती नळकांड्याच्या तोंडावर ठेवली, वरून धातूची रिंग बसवली आणि नेहमीच्या सवयीने अंगठ्याने फिल्म मधोमध दाबून सपाट केली. नाण्याएवढी ही खिडकी. नमुन्यातून विखुरलेले क्ष-किरण तिच्यातूनच पुढच्या लांबलचक निर्वात नळकांड्यात शिरत आणि पार टोकाच्या पडद्यावर जाऊन वर्तुळं काढत. आधीची फिल्म आज सकाळीच चिरली होती. तेही रविवारी, आणि वडिलांच्या ओस्मित्साचा शेवटचा दिवस असताना. कपाटात हातमोज्यांचा एकही खोका नव्हता. ते कुठे गेले हे निवेसला चांगलं ठाऊक होतं, म्हणून तिने कुणाकडे चौकशी केली नाही. गाडीने जाऊन एक आणला आणि कामाला लागली.

खिशातला फोन थरथरला.

"बोला बाबा."

"उकडलेली अंडी कुठे ठेवलीस?"

"फडताळात. खालच्या कप्प्यात, निळ्या पातेल्यात."

"तिथे नाहीत."

"आहेत. झाकण काढून बघा."

पलीकडे भांड्यांचा आवाज झाला.

"आहेत," झोर्को पुरिच म्हणाला आणि त्याने फोन ठेवून दिला. बरं झालं सांगितलंस, एवढंही म्हणाला नाही. ऐंशीच्या घरातला माणूस, गुडघा कामातून गेलेला, पण चौकातल्या खांबावर खुणेची आयव्हीच्या वेलीची फांदी टांगून वर्षातले ओस्मित्साचे ते मोजके दिवस घरचं अंगण गिऱ्हाइकांना उघडायचं म्हणजे उघडायचंच. घरची वाइन, घरची अंडी, मिठात मुरवून वाऱ्यावर वाळवलेली डुकराची मांडी, म्हणजे प्रशुत. आणि धावपळ करायला घरची मुलगी, जी एरवी डॉक्टर निवेस पुरिच म्हणून क्ष-किरणांच्या ह्या यंत्राची प्रमुख होती.

"रिकामी नळी परत मोजायची ना?"

शिशाच्या जाड दारात इस्क्रा तोनेवा उभी होती. बल्गेरियातल्या प्लोवदिवहून दोन बस आणि एक गाडी बदलून आलेली, प्रवासभर मांडीवर थर्मासची पेटी धरून बसलेली. पेटीत तिचे नमुने होते. चरबीचे गोळे, पण इतके सूक्ष्म की डोळ्यांना नुसतं दुधाळ पाणी दिसावं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसात औषध नेऊन सोडायचं, हे त्यांचं काम. बाटलीत असताना गोळ्यांमधले थर कपाटातल्या घडीच्या चादरींसारखे एकावर एक मिटलेले असत, अंगाच्या उबेला ते मोडून त्यांची जाळी होई आणि औषध बाहेर पडे. निदान इस्क्राचं तसं म्हणणं होतं, आणि त्या म्हणण्यावर तिने चार वर्षं घातली होती. ते खरं की खोटं हे सांगू शकणारी यंत्रं जगात थोडी. त्यांतल्या एकासाठी वर्षभर रांगेत थांबून तिला हा एक दिवस मिळाला होता.

"सकाळी मोजली होतीस ना रिकामी?" निवेसने विचारलं.

"ती जुन्या खिडकीची झाली. आता खिडकी बदललीत तुम्ही."

"अगं, फिल्म तीच, जाडी तीच. नवी म्हणजे उलट जास्तच स्वच्छ. सकाळचीच वजा कर. त्यात पुन्हा वेळ कशाला घालवतेस?"

आधी रिकामी नळी मोजायची, मग भरलेली; भरलेलीतून रिकामी वजा करायची, उरेल ते नमुन्याचं. ह्या कामातला हा पहिला धडा, आणि दर उन्हाळ्यात नव्या मुलांना तो निवेसच शिकवत असे. हे इस्क्रालाही ठाऊक होतं, पण पाहुण्या माणसाने यजमानाशी किती वाद घालायचा? तिने खोक्यातून हातमोजे ओढून घातले आणि पहिली नळी उचलली. केसासारखी बारीक काच, आत थेंबभर दूध.

निवेसने खोलीत कुणी राहिलं नसल्याची खात्री केली, बटण दाबलं, भोंगा वाजला, दार सरकून बंद झालं. फोन पुन्हा थरथरला. घरी पिंपाची तोटी गळत होती.

"मी दहा मिनिटांवरच आहे. काही अडलं तर फोन कर," ती इस्क्राला म्हणाली, आणि आपण हे वाक्य बोललो याचा तिला दुपारपर्यंत मनापासून पश्चात्ताप झाला.

अंगणात बोरा नावाचा डोंगरवारा सुटला होता. कागदी रुमाल उडून जाऊ नयेत म्हणून लोकांनी त्यांवर ग्लास ठेवले होते, आणि ग्लास रिकामे झाले की रुमाल उडत होते. झोर्को आत आडोशाला बसून प्रशुत कापत होता आणि निवेस ताटल्या बाहेर पोचवत होती. तिसऱ्या बाकावरच्या मंडळींनी गाणं सुरू केलं होतं, त्यातला एक जण सुरात होता. तेवढ्यात इस्क्राचा फोन आला.

"डॉक्टर, कडं जात नाहीये."

पडद्यावर थरांचं एक ठसठशीत कडं उमटतं. गोळे तापले, थर मोडले, की ते कडं जायला हवं आणि जाळीची बारीक, फिकट कडी यायला हवीत. सगळा खेळ एवढाच होता.

"किती तापवलंस?"

"अंगाच्या उष्णतेइतकं. मग त्याच्याही वर नेलं."

"थोडी कळ काढ. चरबी आहे ती, विजेचा दिवा नाही, बटण दाबलं की लागला."

निवेसने दोन ताटल्या नेल्या, चार ग्लास आणले, एका म्हाताऱ्याला त्याची टोपी शोधून दिली. पुन्हा फोन.

"अजून आहे."

"दुसरा नमुना लाव."

दुसऱ्याचंही तेच झालं, तिसऱ्याचंही तेच. मधल्या वेळात निवेसने कानाला फोन लावून किरणांची झडप किती उघडायची ते सांगितलं, आणि त्याच दमात मागच्या बाकावरच्या बाईला, अंडी मिळतील पण मोहरी संपली, हेही सांगितलं. बाई म्हणाली, मोहरीशिवाय अंडं कसं खायचं. निवेसच्या तोंडावर उत्तर आलं होतं. ते तिने गिळलं. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान उंट तरी एका जागी उभा राहावा! इथे उंटही धावत होता आणि शेळ्याही.

"कोण सारखं फोन करतंय?" झोर्कोने सुरी न थांबवता विचारलं.

"एक बल्गेरियाची मुलगी. हिचा माल चालत नाही आणि माझ्या डोक्याला ताप."

"जेवली का ती?"

"बाबा, ती इथे जेवायला आलेली नाही."

"जेवायला म्हणून कुणीच येत नाही. भूक तर लागतेच ना?" त्याने एक पातळ काप उजेडात धरून पाहिला आणि ताटलीत ठेवला. "तू हात धुतलेस का?"

"मी पन्नाशीची झाले, बाबा."

"वय नाही विचारलं मी."

 निवेसने एप्रन काढून खुंटीला अडकवला, मोटारीची किल्ली घेतली आणि गाणाऱ्यांच्या मधून वाट काढत बाहेर पडली. एकदाचा त्या मुलीचा सोक्षमोक्ष लावून टाकू, असं ती स्वतःशीच मोठ्याने म्हणाली. चौकात फांदी वाऱ्यावर खांबाला आपटत होती.

इस्क्राने सगळी चित्रं एकाखाली एक मांडून ठेवली होती. थंड, कोमट, अंगाइतकं गरम, तापाइतकं गरम. प्रत्येकात ते कडं जिथल्या तिथे.

"नळ्या कशाने धुतल्यास?" निवेसने बसण्याआधीच विचारलं.

"आधी अल्कोहोल, मग शुद्ध पाणी, मग परत अल्कोहोल."

"सुकवल्या कशा?"

"नायट्रोजनवर."

"हातमोजे?"

"घातले होते." इस्क्राने हात पुढे करून दाखवले. निळे मोजे अजून हातातच होते. "तुम्ही ठेवलेल्या खोक्यातलेच. दर नमुन्याला नवे."

"गोळे बनवतानाच काहीतरी भेसळ झाली असेल."

"तीन वेगवेगळ्या वेळी बनवलेत, डॉक्टर. तिन्हींत तीच भेसळ कशी होईल?" तिने पडद्याजवळ बोट नेलं, पण टेकवलं नाही. "आणि हे बघा. थर समजा नाही मोडले, तरी तापल्यावर थोडे सरकायला हवेत. कडं लहानमोठं व्हायला हवं. हे केसभरही हललेलं नाही. असं कसं? यंत्रात काही..."

हे ऐकून निवेसचा तोल सुटला. वर्षानुवर्षं माणसं येत होती, आपला माल चालला नाही की यंत्राकडे बोट दाखवत होती, आणि दर वेळी शेवटी दोष त्यांच्या बाटलीत निघत होता.

"नाचता येईना, अंगण वाकडं," ती म्हणाली. "यंत्र काल चाललं, परवा चाललं. आज तू आलीस आणि बिघडलं, असं का?"

इस्क्राचे कान लाल झाले. तरी ती म्हणाली, "कड्याच्या शेजारी काहीतरी फिकट दिसतंय मला. जाळीचं असू शकतं."

"तुला दिसतंय, कारण तुला ते हवंय. मला नाही दिसत." निवेसने खुर्ची मागे सरकवली. "हे बघ, मी गोड बोलून तुला आणखी सहा महिने खड्ड्यात घालणार नाही. तुझे गोळे उघडत नाहीत. थर मिटलेले होते, तसेच राहतात. चित्र असं सांगतंय."

इस्क्राने मान हलवली. हातमोजे एकेक बोट ओढून काढले, कचऱ्यात टाकले, आणि फोन घेऊन ती बाहेरच्या मार्गिकेत गेली. काचेच्या दारातून निवेसला तिची पाठ दिसत होती. ती फारसं बोलत नव्हती, ऐकत होती. एकदा तिने कपाळ भिंतीला टेकवलं. निवेसने नजर काढून घेतली आणि उगाचच टेबलावरची पेनं एका रेषेत लावली. वाईट वाटलं तिला. पण खरं बोलायला कुणीतरी हवंच की.

इस्क्रा परत आली तेव्हा तिचा चेहरा धुतलेला होता.

"आमचे प्रोफेसर स्तामेनोव म्हणाले, उरलेले मोजू नकोस. परत ये." ती पेटीत बर्फाच्या पिशव्या रचू लागली. "उन्हाळ्यापर्यंत माझी नोकरी होती. आता तिथलं काम ते दुसऱ्या कुणाला देतील. साहजिक आहे. न उघडणारं औषध कोण घेणार?"

 "चहा घेतेस?" असं निवेसने विचारलं, आणि इथे चहा मिळत नाही, मशीनची कॉफीच मिळते, हे तिला नंतर आठवलं.

इस्क्राने वापरलेल्या नळ्या धुवायला घेतल्या. आता त्या धुवून उपयोग काय, असं निवेसच्या मनात आलं. पण ती धूत राहिली, आधी अल्कोहोल, मग पाणी, मग परत अल्कोहोल. शेवटची धुऊन तिने उजेडात धरली.

"ही रिकामी एकदा मोजू का? तसाही दिवस माझाच आहे. फक्त माझ्या समाधानासाठी."

"मोज बाई, मोज," निवेस म्हणाली. वैतागली होती, पण नाही म्हणवेना.

भोंगा वाजला. दार सरकलं. झडप उघडली. रिकाम्या नळीत काय दिसणार म्हणून निवेस फोनकडे बघत होती. झोर्कोचे तीन फोन चुकले होते. इस्क्राने पडद्याकडे खुर्ची ओढली तेव्हा तिने मान वर केली.

पडद्यावर कडं होतं. तेच, त्याच जागी.

"नीट धुतली नसशील," निवेस म्हणाली, पण आवाजात दम नव्हता. ती उठून आत गेली, नळीच काढून टाकली, बाहेर आली आणि पुन्हा चित्र घेतलं. आता किरणांच्या वाटेत हवेखेरीज काही नव्हतं. आणि ती खिडकी.

कडं होतंच.

"तू इथेच थांब," ती म्हणाली.

आत जाऊन तिने रिंग सैल केली, सकाळी बसवलेली फिल्म चिमट्याने उचलली आणि दिव्याखाली तिरपी धरली. मधोमध अंगठ्याचा ठसा होता, तुपकट, चमकणारा. तिने ती नाकाशी नेली. लसूण, तमालपत्र आणि खारवलेली चरबी. लहानपणापासून ओळखीचा वास. झोपेतही ओळखला असता. थिजलेल्या चरबीतही थर असतात, आणि खिडकीला कुणी तापवत नव्हतं.

हातमोज्यांचा खोका टेबलाच्या कडेला होता. तिने त्याचं तोंड फाकवून बघितलं. आतल्या पुठ्ठ्यावर तेलाचा पिवळा डाग पसरला होता, वरचे मोजे एकमेकांना चिकटले होते. आरोग्य खात्याच्या बाईने बजावलं होतं की मोजे घातल्याशिवाय प्रशुत कापायचं नाही, म्हणून कपाटातले शेवटचे दोन खोके परवा तिनेच घरी नेले होते. झोर्को दर गिऱ्हाइकामागे चरबीचा हात त्यांत घालत होता. आणि आज सकाळी इकडे एकही मोजा नाही म्हणून तिने त्यांतलाच एक परत आणला होता. आणि मघापासून ती त्या मुलीला विचारत होती, हात स्वच्छ होते का!

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिने खोका पिशवीत कोंबला, शेजारच्या यंत्रावरून नवा आणला, दोन मोजे एकावर एक घातले आणि नवी फिल्म बसवली. ह्या वेळी तिने अंगठा लावला नाही.

"खिडकी खराब होती," ती बाहेर येऊन म्हणाली.

"खराब म्हणजे?"

"जुनी."

इस्क्राने तिच्याकडे पाहिलं. ती खिडकी आज सकाळी तिच्यादेखत बसवली होती.  नव्या खोक्यातले मोजे घालून तिने रिकामी नळी मोजली, आणि पडदा कोरा आला. मग पेटी पुन्हा उघडली, न वापरलेली नळी घेतली, थेंब भरला.

थंड असताना थरांचं कडं होतं, पण मघाच्यापेक्षा किंचित लहान. कोमट झाल्यावर ते हललं. मग विरू लागलं. अंगाइतकं गरम झाल्यावर त्या जागी काहीच उरलं नाही, आणि दोन्ही बाजूंना फिकट, नाजूक कडी उगवली, एकामागून एक, जिथे इस्क्राला ती मघाशी दिसत होती तिथेच.

इस्क्राने दोन्ही हात तोंडावर धरले. नंतर हसली, नंतर रडली, आणि फोन घेऊन मार्गिकेत न जाता तिथेच उभी राहून बोलू लागली. प्रोफेसरांचा आवाज इतका मोठा होता की निवेसलाही ऐकू येत होता. बल्गेरियन म्हणजे तिच्या स्लोव्हेनियनची चुलत बहीण; अर्धं कळत होतं, उरलेलं आवाजावरून.

"दुपारी मिटलेले होते, आता उघडले? मी कुठलं खरं धरू?"

"दुपारचं कडं नमुन्याचं नव्हतं, प्रोफेसर."

"मग कशाचं होतं?"

इस्क्राने दुपारचं चित्र पडद्यावर पुन्हा उघडलं.

"कशाचं होतं ते आधी शोध. कारण सांगता येत नसेल तर ही चित्रंही मी मानणार नाही. उद्या कुणी म्हणेल, त्यांना नको होतं ते त्यांनी पुसलं आणि हवं होतं ते ठेवलं. मला तोंड वर काढायला जागा राहणार नाही."

फोन बंद झाला. इस्क्राने निवेसकडे पाहिलं नाही. पुढचे नमुने सावकाश तापवण्याचं काम यंत्राला लावून दिलं, ते आता स्वतःच तासन्‌तास चालणार होतं. मग ती हात मांडीवर ठेवून बसली.

बोलायचं तर हीच वेळ होती. निवेसने घसा साफ केला. शब्द ओठांवर आले आणि त्यांच्याबरोबर पुढचं सगळं डोळ्यांसमोर आलं: यंत्राची प्रमुख, डुकराची चरबी, प्रयोगशाळेतून घरी नेलेला खोका, शेजारच्या यंत्रावरच्या लोकांची कॉफीच्या वेळची करमणूक.

"सकाळपासून काही खाल्लंयस?" तिने विचारलं.

"बिस्किटं."

"चल. जेवून येऊ."

चौकातल्या फांदीपाशी वळताना तिच्या लक्षात आलं की आपण हिला नेमकं कुठे नेतोय. पण तोवर गाडी वळली होती. कदाचित म्हणूनच वळवली असेल. तिला स्वतःलाही ते सांगता आलं नसतं.

गाणारी मंडळी पांगली होती. वारा पडला होता आणि बाकांवर उतरतं ऊन होतं. झोर्को पाहुणी बघून उठू लागला, गुडघ्याने उठू दिलं नाही, तेव्हा त्याने बसल्याबसल्याच समोरचा बाक दाखवला.

"ये ग पोरी, बस. हीच का ती फोनवाली? अगदीच काडी आहे की. ह्या लोकांनी उपाशी ठेवलं तुला?"

इस्क्रा हसली. त्याची स्लोव्हेनियन तिला कळली, की नुसता सूर कळला, कोण जाणे. "नाही आजोबा, माझंच विसरायला झालं," ती आपल्या भाषेत म्हणाली, आणि ते त्यालाही कळलं. त्याने शेजारच्या खोक्यात हात घातला, निळे मोजे ओढून काढले, फुंकर मारून बोटं मोकळी केली, घातले, आणि प्रशुतवर सुरी चालवू लागला.

इस्क्राचं हसू चेहऱ्यावर तसंच थांबलं. ती मोज्यांकडे बघत होती. मोज्यांच्या बोटांवर चरबी चकाकत होती. तिची नजर खोक्यावर गेली, खोक्याच्या तोंडाशी पसरलेल्या पिवळ्या डागावर गेली.

"हे मोजे चांगले आहेत, आजोबा," ती हळूच म्हणाली. "कुठे मिळतात?"

"पोरीने आणून दिले. तिच्याकडे ढीग असतो." झोर्कोच्या आवाजात अभिमान होता. "सकाळी माझाच एक खोका परत घेऊन गेली, काय घाई होती कोण जाणे. म्हटलं, अगं, मी आत हात घातलाय, निदान पुसून तरी ने. पण ऐकते कुठे? लहानपणापासून अशीच. हात धू म्हटलं की हिला राग."

सुरी चालत राहिली. इस्क्रा वळली नाही. पण ती निवेसची वाट बघते आहे हे तिच्या पाठीवरून कळत होतं. निवेस अजून उभीच होती. तिला वाटलं, आता ही पोरगी उठेल, काहीतरी बोलेल, आणि बोलली तर तिचं काही चुकणार नाही.

"आजोबा," इस्क्रा म्हणाली, "ह्यातला एक मोजा मला मिळेल?"

"एकच? एका हाताला?"

"घालायचा नाही. मोजायचा आहे. संध्याकाळी याचंही एक चित्र घ्यावं लागेल." थोडं थांबून ती म्हणाली, "नाहीतर वजा काय करणार?"

झोर्कोने ह्या शिकलेल्या बायकांपुढे हात टेकले आणि खोका पुढे सरकवला. पण त्याआधी निवेस बाकावर येऊन बसली होती. तिने बापाने भरलेली ताटली स्वतःकडे ओढली, उघड्या बोटांनी एका कापाची पांढरी कड सोडवली, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. एक कागदी रुमाल उलगडून त्यात ती सगळी चरबी ठेवली, चारी बाजूंनी नीट घडी घातली आणि पुडी इस्क्राच्या हाताशी ठेवली.

"मोज्यावर फार थोडी असेल," ती म्हणाली. "ही शुद्ध आहे. कडं ठळक येईल. आधी ही मोजू, मग तुझ्या प्रोफेसरांना फोन मी करते. काय झालं, कसं झालं, सगळं मी सांगते."

इस्क्राने पुडी हातात घेतली. रुमालातून तेल पाझरायला लागलं होतं. तिने ती दुसऱ्या रुमालात गुंडाळली आणि थर्मासच्या पेटीत ठेवावी तशी जपून पर्समध्ये ठेवली. मग चरबी काढलेला एक काप उचलून तिने तोंडात टाकला.

झोर्को सुरी खाली ठेवून लेकीकडे बघत होता.

"लांबून आलेल्या पाहुणीला तू चरबी बांधून देतेस?" तो म्हणाला. "काही लाज वाटते का, निवेस?"

"वाटते, बाबा," निवेस म्हणाली, आणि हात धुवायला उठली.